हाताखालच्यांचे गुन्हे, वरच्यांची जबाबदारी

युद्धात सैनिकांनी कैदी मारले, गावं जाळली, बायकांवर अत्याचार केले तर त्या सैनिकांना शिक्षा व्हावी, यावर आज फारसं दुमत नाही. वाद असतो तो त्यांच्या वरच्या माणसाबद्दल. त्याने स्वतः शस्त्र उचललेलं नसतं, बरेचदा तसा हुकूमही दिलेला नसतो. तो गप्प बसलेला असतो. हे गप्प बसणं गुन्हा ठरतं का? आणि ठरत असेल, तर सेनापतीला आणि मंत्र्याला एकच माप लावायचं का? आज जागतिक नेत्यांविरुद्ध निघणाऱ्या अटक वॉरंटांमागे हेच दोन जुने प्रश्न आहेत.

फ्रान्सचा राजा सातवा चार्ल्स याने 1439 मध्ये ऑर्लेआँ इथे काढलेल्या फर्मानात याचं एक स्पष्ट उत्तर सापडतं. तुकडीतल्या माणसाने रयतेवर जुलूम केला आणि कप्तानाने त्याला न्यायासमोर उभं केलं नाही, किंवा कप्तानाच्या हयगयीमुळे तो निसटला, तर गुन्हा कप्तानानेच केला असं समजावं, असं ते फर्मान सांगतं. पुढे 1474 मध्ये ऱ्हाइनकाठच्या ब्रायझाख गावात पेटर फॉन हागेनबाख या बर्गंडीच्या सुभेदारावर खटला चालला. आपण आपल्या ड्यूकचा हुकूम पाळला, असा त्याचा बचाव होता. न्यायाधीशांनी तो मानला नाही आणि त्याचा शिरच्छेद झाला.

त्यानंतरची चार शतकं हा विचार फारसा पुढे सरकला नाही. 1899 आणि 1907 च्या हेग नियमांत एवढंच आलं की, लढणाऱ्या दलाचा प्रमुख हाताखालच्यांसाठी जबाबदार असला पाहिजे. ही अट होती. ती मोडली तर प्रमुखाला शिक्षा काय, याबद्दल नियम गप्प होते. पहिल्या महायुद्धानंतर 1919 मध्ये दोस्त राष्ट्रांनी नेमलेल्या आयोगाने पुढचं पाऊल सुचवलं: ज्यांच्या हाती अधिकार होता आणि ज्यांनी गुन्हे थांबवले नाहीत, त्यांच्यावरही खटले भरावेत. आयोगातल्या अमेरिकी सदस्यांनी याला लेखी विरोध नोंदवला. काही न केल्याबद्दल माणसाला गुन्हेगार ठरवणं त्यांना पटत नव्हतं. प्रत्यक्षात कैसर विल्हेल्म नेदरलँड्समध्ये आश्रयाला राहिला, डच सरकारने त्याला सोपवायला नकार दिला आणि प्रकरण तिथेच थंडावलं.

सव्वीस वर्षांनी त्याच अमेरिकेने ते तत्त्व सगळ्यात कठोर रूपात वापरलं. जनरल तोमोयुकी यामाशिता ऑक्टोबर 1944 मध्ये फिलिपीन्समधल्या जपानी फौजेचा प्रमुख म्हणून आला. काही दिवसांतच अमेरिकी सैन्य लेटे बेटावर उतरलं. फेब्रुवारी 1945 मध्ये मनिला शहरात जपानी सैनिकांनी नागरिकांची भीषण कत्तल केली. त्या लढाईत सुमारे एक लाख नागरिक मेल्याचं सांगितलं जातं. यामाशिता तेव्हा उत्तरेकडच्या डोंगरात होता. शहर सोडण्याचा हुकूम त्याने आधीच दिला होता, पण तिथल्या नौदलाच्या तुकड्या मागे राहून लढल्या. आपला संपर्क तुटला होता, काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता, असं त्याचं म्हणणं होतं.

हा खटला तपशिलाने पाहण्यासारखा आहे. न्यायासनावर बसलेल्या पाच अमेरिकी जनरलांपैकी एकही वकील नव्हता. आरोपपत्रात आधी 64 घटना होत्या; सुनावणीच्या पहिल्याच दिवशी आणखी 59 जोडल्या गेल्या आणि बचावाच्या वकिलांना तयारीसाठी जादा वेळ नाकारला गेला. साधारण सहा आठवड्यांत सगळं आटोपलं. 7 डिसेंबर 1945 रोजी, म्हणजे पर्ल हार्बरच्या हल्ल्याला चार वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, फाशीची शिक्षा सुनावली गेली. यामाशिताने हुकूम दिला किंवा त्याला माहीत होतं, हे ठोसपणे सिद्ध करण्याची गरज न्यायासनाला वाटली नाही. गुन्हे इतके सर्वदूर होते की ते एकतर त्याने मुद्दाम होऊ दिले किंवा गुपचूप घडवून आणले असणार, असा सरकारी पक्षाचा रोख होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 1946 मध्ये शिक्षेत हस्तक्षेप करायला नकार दिला. न्यायमूर्ती मर्फी आणि रटलेज यांनी कडक शब्दांत विरोधी मत लिहिलं. मर्फी यांचा आक्षेप मला आजही बिनतोड वाटतो: ज्या फौजेची यंत्रणा मोडून काढण्यासाठी आपण जिवाचं रान केलं, तिच्या सेनापतीला यंत्रणा नीट चालली नाही म्हणून दोषी धरणं हा न्याय होत नाही. त्याच महिन्यात यामाशिताला फाशी दिली गेली.

राजकीय नेतृत्वाचा प्रश्न जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियोच्या खटल्यात आला. कोकी हिरोता चीनमधल्या नानजिंगच्या हत्याकांडाच्या वेळी जपानचा परराष्ट्रमंत्री होता. अत्याचारांच्या बातम्या त्याच्या खात्यात येत होत्या. त्याने त्या युद्धमंत्रालयाकडे नेल्या, 'थांबवतो' असं आश्वासन मिळालं आणि तो त्यावर विसंबून राहिला. बातम्या येतच राहिल्या. मंत्रिमंडळात त्याने आवाज उठवायला हवा होता, तो न उठवणं ही गुन्हेगारी हयगय आहे, असं न्यायालयाने बहुमताने ठरवलं. डच न्यायाधीश रलिंग यांनी त्याला निर्दोष मानलं. भारताचे राधाबिनोद पाल यांनी तर सगळ्याच आरोपींना. डिसेंबर 1948 मध्ये फाशी गेलेल्या सात जणांत हिरोता हा एकटाच मुलकी माणूस होता. सैन्यावर ज्याचा थेट हुकूम चालत नाही, त्याने नेमकं काय करायला हवं होतं? हिरोताच्या निकालापासून हा प्रश्न कायद्याच्या मानगुटीवर बसला आहे.

न्युरेंबर्गमधल्या जर्मन सेनानींच्या खटल्यात न्यायाधीशांनी यामाशिताचं माप थोडं आवरतं घेतलं. केवळ हुद्दा पुरेसा नाही, सेनापतीची स्वतःची कसूर दिसली पाहिजे, असं ते म्हणाले. मग लंबक पार दुसऱ्या टोकाला गेला. 1968 च्या मार्चमध्ये व्हिएतनामच्या मी लाय गावात अमेरिकी तुकडीने शेकडो निःशस्त्र गावकरी मारले. त्या कंपनीचा प्रमुख कॅप्टन मेडिना 1971 मध्ये निर्दोष सुटला. त्याला गुन्ह्यांची प्रत्यक्ष माहिती होती हे सिद्ध व्हायला हवं, असं तिथे सांगण्यात आलं होतं. जपानी जनरलला एक माप आणि आपल्या कॅप्टनला दुसरं, हा आरोप तेव्हापासून होतो आणि तो खोडून काढणं अवघड आहे.

जिनिव्हा करारांना 1977 मध्ये जोडलेल्या जादा प्रोटोकॉलमध्ये पहिल्यांदा सगळं कागदावर आलं. सेनापतीने गुन्हे रोखायचे, झाले तर दडपायचे, वरच्या अधिकाऱ्यांना कळवायचे आणि आपल्या सैनिकांना कायदा माहीत आहे याची काळजी घ्यायची. माझ्या मते यातली शेवटची जबाबदारी सगळ्यात मोलाची आहे, कारण ती गुन्हा घडण्याच्या कितीतरी आधी सुरू होते.

युगोस्लाव्हियाच्या न्यायाधिकरणाने 1998 मध्ये बोस्नियातल्या चेलेबिची कैदछावणीच्या निकालात खरा मापदंड घालून दिला. छावणीचा प्रमुख मुचिच याच्याकडे रीतसर नेमणूक नव्हती, असा बचाव होता. पण पहारेकरी त्याचं ऐकत होते, कैद्यांना सोडण्याचा अधिकार तो वापरत होता. तो दोषी ठरला. त्याच खटल्यातला डेलालिच सुटला, कारण छावणीवर त्याची सत्ता चालत होती हे दाखवता आलं नाही. हुद्द्याच्या पाटीपेक्षा प्रत्यक्ष ताबा महत्त्वाचा ठरला. रवांडाच्या न्यायाधिकरणाने हेच सूत्र बराकीबाहेर नेलं आणि मुसेमा या चहाच्या कारखान्याच्या संचालकाला नरसंहारातल्या कामगारांच्या कृत्यांबद्दल वरिष्ठ म्हणून जबाबदार धरलं.

दरम्यान, 1998 मध्येच आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापन करणारा रोम करार झाला होता. त्याच्या 28 व्या कलमात, मुख्यतः अमेरिकी प्रतिनिधींच्या आग्रहामुळे, दोन मापं आली. लष्करी प्रमुखाला 'माहीत होतं किंवा त्या परिस्थितीत माहीत असायला हवं होतं' एवढं पुरतं. मुलकी वरिष्ठाच्या बाबतीत मात्र त्याला माहीत होतं, किंवा स्पष्ट माहिती समोर असताना त्याने जाणूनबुजून डोळेझाक केली, हे दाखवावं लागतं. पलटणीत शिस्त असते, मंत्रालयात तशी नसते, हा यामागचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण ज्याच्या एका शब्दावर सैन्य हलतं, त्या नेत्याला सौम्य माप मिळतं, हे मला पटत नाही.

या कलमाची मोठी कसोटी काँगोच्या जाँ-पिएर बेम्बाच्या खटल्यात लागली. तो पक्षाचाही प्रमुख आणि त्या पक्षाच्या फौजेचाही. 2002-03 मध्ये त्याचे सैनिक शेजारच्या मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात लढले आणि तिथे त्यांनी खून, बलात्कार, लूट केली. 2016 मध्ये त्याला 18 वर्षांची शिक्षा झाली. 2018 मध्ये अपिलात पाचपैकी तीन न्यायाधीशांनी ती रद्द केली. परक्या देशात असलेल्या तुकड्यांची चौकशी दुरून करण्यात त्याला कोणत्या अडचणी होत्या, हे खालच्या न्यायासनाने नीट तपासलं नाही, असं त्यांनी म्हटलं. या खटल्यात सहभागी झालेल्या 5 हजारांहून अधिक पीडितांची नुकसानभरपाईची प्रक्रियाही त्याबरोबर संपली.

मार्च 2023 मध्ये युक्रेनच्या मुलांच्या बेकायदा स्थलांतराबद्दल व्लादिमिर पुतिन यांच्याविरुद्ध आणि नोव्हेंबर 2024 मध्ये गाझातल्या कारवाईबद्दल इस्रायलचे बेंजामिन नेतन्याहू व माजी संरक्षणमंत्री योआव गॅलंट यांच्याविरुद्ध याच न्यायालयातून निघालेल्या वॉरंटांमध्ये इतर आरोपांसोबत वरिष्ठ म्हणून जबाबदारीचाही उल्लेख आहे. पुतिन हे रशियाच्या सैन्याचे घटनात्मक सरसेनापती आहेत, तरीही त्यांच्या वॉरंटात लागलं आहे ते 28 व्या कलमाचं दुसरं पोटकलम, मुलकी वरिष्ठांसाठी असलेलं.