दीर्घकालीन फुप्फुसविकार : रुग्णवाहिकेतील उपचार (कोकण)

श्वासनलिका, वायुकोश किंवा फुप्फुसाची ऊती वर्षानुवर्षे बिघडवत नेणारे आजार या नोंदीत एकत्र घेतले आहेत : सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन हवा अडकण्याचा आजार), दमा, ब्राँकायेक्टॅसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावणे), क्षय बरा झाल्यावर उरलेले नुकसान, सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीने होणारा आजार) आणि फायब्रोसिस (व्रण पडून फुप्फुस ताठरणे). धाप या सगळ्यांत लागते, पण तिच्यामागची यंत्रणा प्रत्येकात निराळी असते. एका आजारात जीव वाचवणारा ऑक्सिजनचा जोरदार प्रवाह दुसऱ्यात जीव घेऊ शकतो. म्हणून २०१४ पासून महाराष्ट्रात धावणाऱ्या १०८ च्या गाडीवर जो कोणी रुग्णाशेजारी बसतो, त्याला आत नेमके काय बिघडले आहे हे कळलेच पाहिजे. कोकणात ही गरज जास्त तीव्र आहे. वाडीतून जिल्हा रुग्णालयापर्यंत, किंवा पुढे कोल्हापूर वा गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयापर्यंत जाताना रुग्ण बराच वेळ एकट्या त्या माणसाच्या हाती असतो.

कोकणातील कारणे : विडी हे मोठे कारण आहेच. पण आयुष्यात विडीला हात न लावलेल्या बायकांनाही सीओपीडी होतो. ओली लाकडे, झावळ्या, नारळाची सोडणे यांवर चालणारी चूल आणि धूर कोंडणारे स्वयंपाकघर हे त्याचे कारण. ‘धूम्रपान नाही’ एवढ्यावरून सीओपीडी नाही असे ठरवू नये. उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी भाजावळ होते, तिच्या धुराने जुना आजार उसळतो. कणकवली तालुक्यात कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आहेत. अशी धूळ श्वासावाटे गेली तर सिलिकोसिस होतो आणि त्यावर क्षय लवकर बसतो. मुंबईच्या कापडगिरण्यांत ब्लो रूम किंवा कार्डिंग (कापूस पिंजण्याच्या) खात्यात उमेदीची वर्षे घालवून गावी परतलेले चाकरमानीही विसरू नयेत. कापसाच्या धुळीने त्यांच्या श्वासनलिका कायमच्या आकुंचित झालेल्या असू शकतात. म्हणून कामधंदा, चूल आणि पूर्वीचे क्षयाचे औषध हे तीन प्रश्न रुग्णाला उचलण्यापूर्वी घरच्यांना विचारावेत.

हवा अडकणे : सीओपीडीत अडचण हवा आत घेण्यापेक्षा बाहेर सोडताना जास्त येते. फुप्फुसाची लवचिकता गेलेली असते, त्यामुळे उच्छ्वासाच्या वेळी बारीक श्वासनलिका मिटतात आणि हवा मागे उरते. फुप्फुसे फुगलेली राहतात, श्वासपटल सपाट होते आणि त्याचा जोर घटतो. रुग्ण हात गुडघ्यांवर टेकून पुढे झुकतो, ओठांचा चंबू करून श्वास सोडतो. या चंबूमुळे नलिकांत थोडा उलटा दाब राहतो व त्या उघड्या राहतात. तो मोडू नये. अशा रुग्णाला स्ट्रेचरवर आडवे करणे ही घातक चूक आहे. श्वासाचा वेग मिनिटाला ३० च्या पुढे गेला की सोडायला वेळ उरत नाही आणि दर श्वासागणिक आणखी हवा अडकते.

ऑक्सिजन : निरोगी असो वा आजारी, फुप्फुसाच्या ज्या भागात हवा पोचत नाही तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त चांगल्या भागाकडे वळते. जास्त ऑक्सिजन दिला की हे आकसणे सुटते. रक्त पुन्हा हवा न खेळणाऱ्या भागातून वाहते आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. शिवाय ऑक्सिजनने भरलेले हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड कमी धरून ठेवते. ‘ऑक्सिजनने श्वासाची प्रेरणाच बंद पडते’ हे शिकवणीतले स्पष्टीकरण अपुरे आहे. श्वास फारसा मंदावलेला नसतानाही वायू साचतो, म्हणून केवळ श्वास मोजून निर्धास्त राहता येत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात रुग्णवाहिकांमधील, सीओपीडीचा संशय असलेल्या ४०५ रुग्णांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. जोरदार प्रवाह दिलेल्या गटात ९ टक्के रुग्ण दगावले, रक्तातली ऑक्सिजनची पातळी मोजून ८८ ते ९२ टक्क्यांवर ठेवलेल्या गटात ४ टक्के. सीओपीडी निश्चित झालेल्यांत हा फरक ९ आणि २ टक्के असा होता. गाडीतला फ्लोमीटर (ऑक्सिजनचा प्रवाह ठरवणारे बटण) किती फिरवायचा, यावर इतका फरक पडतो.

सीओपीडीत पल्स ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ हे लक्ष्य धरावे. नाकातल्या नळीने मिनिटाला १ ते २ लिटर, किंवा व्हेंच्युरी मास्क (ऑक्सिजनचे ठरावीक प्रमाण देणारा) : निळा, २ लिटरला २४ टक्के, पांढरा, ४ लिटरला २८ टक्के. आकडा फारच खाली असेल तर सुरुवातीला जास्त द्यावे आणि तो चढताच उतरवावे. कमी ऑक्सिजन आधी मारतो. पिशवीवाला मास्क लावून प्रवाह २-३ लिटरवर आणण्याची चूक सर्रास होते. त्या मास्कला १० ते १५ लिटर लागतात. कमी प्रवाहात पिशवी चपटी होते आणि रुग्ण स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा घेतो. प्रवाह कमी करायचा तर मास्क काढून नळी लावावी. रुग्ण गुंगीत गेला म्हणून ऑक्सिजन एकदम बंद करणेही चूक : साचलेला कार्बन डायऑक्साइड वायुकोशात जागा अडवून बसतो आणि पातळी आधीपेक्षा खाली कोसळते. टप्प्याटप्प्याने उतरवावे.

पल्स ऑक्सिमीटर कार्बन डायऑक्साइड दाखवत नाही. झापड, बरळणे, गरम तळवे, उसळती नाडी आणि हात पसरल्यावर पंजांची फडफड ही त्याची खूण. याउलट पावसात भिजून गार पडलेल्या बोटावर ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवतो; बोट पुसून, चोळून, गरम करून मगच त्यावर विश्वास ठेवावा.

नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारे यंत्र) : श्वासनलिका मोकळ्या करणारी औषधे, साल्ब्युटामॉल २.५ ते ५ मिग्रॅ. आणि इप्राट्रोपियम ५०० मायक्रोग्रॅम. सीओपीडीत हवेवर चालणारे यंत्र उत्तम. ते नसेल तर ऑक्सिजनवर ६ ते ८ लिटरने द्यावे, पण ६ मिनिटांत थांबवून पुन्हा नळी लावावी. नेब्युलायझर तसाच सुरू राहिला तर मोजून दिलेल्या ऑक्सिजनवर पाणी पडते.

ॲम्बू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) : घाबरून भराभर बॅग दाबणे हा सर्वांत मोठा धोका आहे. आधीची हवा बाहेर पडण्यापूर्वी पुढची ढकलली तर छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त अडते, रक्तदाब कोसळतो. मिनिटाला ८ ते १० वेळा, छाती जेमतेम उचलेल एवढीच बॅग दाबावी आणि छाती पूर्ण खाली बसेपर्यंत थांबावे. नाडी अचानक हरवली तर श्वासनलिकेत घातलेल्या नळीपासून बॅग सोडवून हवा निघू द्यावी. तरीही सुधारणा नसेल आणि एका बाजूला आवाज नसेल, तर फुप्फुसाचा फुग्यासारखा फुगलेला भाग फुटून हवा फुप्फुसाबाहेर साठल्याचा संशय घ्यावा.

इतर आजार : फायब्रोसिसमध्ये फुप्फुस ताठ असते, हवा अडकत नाही; श्वास भराभर आणि उथळ चालतो, पाठीमागे खाली वेल्क्रो उचकटल्यासारखा आवाज येतो. इथे ८८-९२ ची मर्यादा सहसा लागू नाही. ऑक्सिजन मोकळ्या हाताने द्यावा. दम्याच्या तीव्र झटक्यातही ९४ ते ९८ हेच लक्ष्य. दम्यात घरघर थांबली आणि रुग्ण थकला, तर ती सुधारणा नसून हवाच शिरत नसल्याचे लक्षण असते. क्षयानंतरच्या ब्राँकायेक्टॅसिसमध्ये खोकल्यातून भळभळ रक्त आले, तर खराब फुप्फुसाची बाजू खाली करून कुशीवर निजवावे, म्हणजे चांगले फुप्फुस बुडत नाही.

प्रवास : कोकणातली बरीच घरे रस्त्यापासून पाखाडीच्या पायऱ्यांवर वर-खाली असतात. रुग्णाला गाडीपर्यंत चालवत आणू नये. फायब्रोसिसमध्ये तर वीस पावलांतही पातळी झपाट्याने उतरते. पाठीची खुर्ची घ्यावी, रुग्णाला बसता ठेवून चौघांनी उचलावे आणि ऑक्सिजन घरातच सुरू करावा.

घाट चढताना हवेचा दाब घटतो. समुद्रसपाटीला तो पाऱ्याच्या ७६० मिमी असतो, आंबोलीच्या सुमारे ६९० मीटरवर ७०० च्या आसपास. खाली मालवणात ८८ वर टेकलेला रुग्ण हिमोग्लोबिन-ऑक्सिजन आलेखाच्या तीव्र उतारावर असतो, म्हणजे ऑक्सिजनचा दाब थोडा घटला तरी आकडा बराच पडतो. चढण संपेपर्यंत त्याचा आकडा आणखी घसरतो. त्याला आजार बळावल्याचे समजून घाबरू नये, आणि आकडा न पाहता स्वस्थही बसू नये. प्रवाह अर्ध्या-एका लिटरने वाढवावा, पाच मिनिटे थांबून पाहावे.

सिलिंडरचा हिशेब निघण्यापूर्वी करावा. १० लिटर पाणीक्षमतेच्या, गेजवर १५० बार असलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर वायू असतो. १५ लिटरने तो १०० मिनिटांत संपतो, २ लिटरने साडेबारा तास पुरतो. पाव भाग राखीव धरावा. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीची वाट पाहावी लागणार असेल तर तो वेळही मिळवावा.

रुग्णालयाला गाडीतूनच कळवावे : ऑक्सिजनशिवायचा पहिला आकडा, आता कोणत्या साधनाने किती लिटर चालू आहे, शुद्धी कशी बदलली, नेब्युलायझर किती वाजता दिला आणि बायपॅप (मास्कमधून दाबाने श्वास देणारे यंत्र) लागण्याची शक्यता. घरात जुने डिस्चार्ज कार्ड असेल तर ते सोबत घ्यावे; मागच्या खेपेला बायपॅप लागला होता का, हे त्यावर मिळते.