बेल थडगी

इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड भागातली दगडी कौटुंबिक थडगी. ऑक्सफर्डशायरमधल्या बर्फर्डच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चच्या आवारात ती ठळक दिसतात, शिवाय जवळच्या स्विनब्रुक, अ‍ॅस्टहॉल या खेड्यांतही आहेत. काळ साधारण 17व्या शतकाचा उत्तरार्ध ते 18व्या शतकाचा पूर्वार्ध, पण थोडं मागेपुढे धरावं, कारण दगडावरची तारीख माणूस गेल्याची असते, थडगं घडवल्याची नाही.

खाली आयताकृती दगडी पेटी, वर आडवं ठेवलेलं अर्धं नळकांडं, त्यावर आडव्या नाहीतर तिरक्या खोल खाचा. नळकांड्याच्या टोकाला शिंपला कोरलेला, काहींच्या शिंपल्यात कवटी बसवलेली. जवळून बघितलं तर हे टोकच सगळ्यात सुंदर काम वाटतं.

हे नळकांडं म्हणजे नेमकं काय यावरच खरा वाद आहे. नावातला ‘बेल’ म्हणजे इंग्रजीतला गठ्ठा, आपल्याकडे कापसाची गाठ म्हणतात तसा, आणि गाइड लोक सांगतात की ही लोकरीची गाठ, म्हणजे व्यापाऱ्याच्या श्रीमंतीची खूण. ऐकायला छान आहे, पण कॉट्सवोल्डच्या लोकरव्यापाराचा खरा बहर मध्ययुगातला, थडगी त्यानंतरची. दुसरं मत लोकरीच्या कफनाचं. 1666 आणि 1678 च्या कायद्यांनी मृतदेह लोकरीच्याच कापडात पुरायची सक्ती केली होती, नाही पाळलं तर 5 पौंड दंड, आणि हा कायदा कागदोपत्री 1814 पर्यंत टिकला. तिसरं मत असं की शवपेटीवर कमानीदार सांगाडा उभा करून त्यावर कापड पांघरायची जुनी पद्धत होती, त्या पांघरुणाच्या घड्या म्हणजे या खाचा. वॉरिकच्या सेंट मेरी चर्चमध्ये तिथला सरदार रिचर्ड बीचम (मृत्यू 1439) याच्या स्मारकावर असा धातूचा सांगाडा अजून आहे, आणि त्याच्या कमानी बघितल्यावर हे तिसरं मतच जास्त पटतं. गाठीचं नाव मात्र रूढ झालंय, ते आता बदलणार नाही.

दगड तिथलाच, चुनखडीचा. खाणीतून ताजा काढला की मऊ असतो आणि छिन्नीला सहज साथ देतो, मग हवा लागून कडक होतो. बर्फर्डजवळच्या खाणींचा दगड ऑक्सफर्ड-लंडनपर्यंत जायचा, बर्फर्डचा गवंडी ख्रिस्तोफर केम्पस्टर (1627–1715) याने लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलवर काम केलंय. थडग्यांवर कारागिराची सही सहसा नसते, त्यामुळे कुठलं कोणाच्या हातचं हे घडणीवरूनच ताडावं लागतं.

देह त्या पेटीत नसतो, खाली जमिनीत असतो, पेटी नुसती स्मारक. तिच्या बाजूंना कोरीव चौकटी ठेवायचे, घरात पुढे जो जाईल त्याचं नाव तिथे चढायचं, त्यामुळे एका पेटीवर दोन-तीन पिढ्या वाचायला मिळतात.

बाजूच्या फरशा आतून लोखंडी पकडींनी जोडलेल्या असतात, पाणी शिरलं की लोखंड गंजून फुगतं आणि दगड कोपऱ्यातून फुटतो. शेवाळासारखी दिसणारी दगडफुलं मात्र खरवडू नयेत, त्यांच्याबरोबर अक्षरांचा वरचा पापुद्राही निघून जातो. कायद्याने स्मारक वारसांचं मानलं जातं, तरी दुरुस्तीला हात लावायच्या आधी चर्चच्या धर्मप्रांताची परवानगी लागते.