आत्मचरित्र, आधुनिक चिनी : निवेदनातील ‘मी’

चरित्र दुसऱ्याने लिहायचे, हा चीनमधील जुना रिवाज. स्वतःविषयी लिहिणाराही मग परक्याचा आव आणी. कवी थाव युआनमिंग (मृत्यू 427) याने ‘पाच वाळुंजांचे गुरुजी’ नावाच्या कुणा गृहस्थाचे छोटे चरित्र लिहिले. हे गुरुजी म्हणजे कवी स्वतःच, असे वाचक पूर्वीपासून मानत आले.

1919 च्या ‘चार मे’ या विद्यार्थ्यांच्या आणि नव्या साहित्याच्या चळवळीनंतर ‘मी’ उघडपणे बोलू लागला, पण बिचकतच. विचारवंत हू श यांचे ‘चाळिशीतील आत्मकथन’ (1933) सुरू होते ते आईच्या सोयरिकीपासून आणि तेही कादंबरीच्या ढंगाने. पुढे त्यांच्यातला इतिहासकार जागा होतो आणि सरळ प्रथमपुरुषी हकिगत येते. एकाच पुस्तकातला हा सांधा त्यांनी लपवला नाही. कवी गुओ मोरुओ यांनी बालपणाच्या आठवणी लिहिताना (1929) बजावले, की हा ना फ्रेंच विचारवंत रूसोसारखा कबुलीजबाब, ना प्रतिभावंताचे चित्र. असा समाज होता म्हणून असा माणूस घडला, एवढेच.

चिनी क्रियापदाला लिंग-वचन चिकटत नाही आणि कर्ता गाळला तरी वाक्य अडत नाही. मराठीत ‘मी आलो’ की ‘मी आले’ हे लगेच फुटते. श्ये बिंगयिंग यांच्या ‘एका स्त्री-सैनिकाचे आत्मचरित्र’ (1936) या पुस्तकाच्या नावातला ‘स्त्री’ हा शब्द म्हणूनच मोलाचा. तिथे क्रियापद काहीच सांगत नाही.

सर्वांत देखणा शेवट कादंबरीकार शन त्सोंगवन यांच्या आत्मचरित्राचा (1934). हुनानच्या फंगह्वांग गावातला हा पोरगा अर्धवट वयात फौजेत शिरला होता. पुस्तकाच्या अखेरीस तो बीजिंगला पोचतो आणि खाणावळीच्या नोंदवहीत लिहितो : वय 20, विद्यार्थी. ‘शिपाई’ नव्हे! कुठल्याही विद्यापीठात नाव नसताना त्याने स्वतःची नवी ओळख परस्पर नोंदवून टाकली.

1949 नंतर आत्मचरित्राचा तोच शब्द, ‘त्स-च्वान’, कम्युनिस्ट पक्षाला सादर करायच्या स्व-वृत्तांतालाही सर्रास लागू झाला. तिथे ‘मी’ म्हणजे जबानी. माओनंतरच्या लेखनातला दबका सूर त्यातूनच आला असावा. कार्यकर्ता-शाळा म्हणजे सांस्कृतिक क्रांतीत बुद्धिजीवींना श्रमासाठी पाठवले जाई ती ग्रामीण छावणी. लेखिका यांग ज्यांग यांच्या ‘कार्यकर्ता-शाळेतील सहा प्रकरणे’ (1981) या पुस्तकात भाजीच्या मळ्यावरची राखण तपशिलाने येते. जावयाची आत्महत्या मात्र मोजक्या वाक्यांत उरकते. प्रस्तावनेत त्यांचे पती छ्यन चोंगशू म्हणतात, की एक प्रकरण राहून गेले आहे : लाजेचे.