घाम म्हणजे वितळलेली चरबी नव्हे

‘जितका घाम अधिक, तितकी चरबी अधिक जळते’ हा समज वर्षानुवर्षे एकाकडून दुसऱ्याकडे जात आला आहे, आणि धावून आल्यावर वजनकाटा खरोखरच कमी आकडा दाखवत असल्याने तो पटणे स्वाभाविक आहे. मात्र घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि थोडे क्षार. त्याचे बाष्पीभवन होऊन शरीर थंड राहावे, हे त्याचे काम. चरबीचे ज्वलन पेशींमध्ये होते आणि तिचा बहुतांश भाग कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने श्वासावाटे बाहेर पडतो.

याची पडताळणी घरीच करता येते. धावण्यापूर्वी आणि नंतर, अंग नीट पुसून, एकाच काट्यावर वजन करावे. त्यात किलोभर घट दिसली, तरी पाणी पिऊन नेहमीप्रमाणे जेवल्यावर ती दुसऱ्या सकाळपर्यंत बहुतेक भरून निघते. हिशेबही तेच सांगतो: ६० किलो वजनाची व्यक्ती ५ किलोमीटर धावली, तर साधारण ३०० कॅलरी, म्हणजे फार तर ४० ग्रॅम चरबीइतकी ऊर्जा खर्च होते. त्यामुळे घामासाठी प्लास्टिकचे जाकीट घालून धावणे किंवा तहान दाबून ठेवणे मला फार चिंतेचे वाटते, कारण त्यातून उष्माघाताचा धोका वाढतोच, शिवाय तहान-भूक भागवणे हीच चूक वाटू लागते.