पद्मिनीला प्रोग्रामेबल इग्निशन : टायमिंग लावण्याआधी कृपया वाचावे

ठिणगीची वेळ ठरवणारे जुने सीबी पॉइंट आणि त्यांचा कंडेन्सर काढून त्याऐवजी कंट्रोलर, क्रँक सेन्सर व जोड-कॉइल (एकाच वेळी दोन प्लगना ठिणगी देणारी) असलेला आमचा संच प्रीमियर पद्मिनीवर बसवणाऱ्या ग्राहकांकडून एकच तक्रार वारंवार येते : ‘लॅपटॉपवर १० अंश दिसतात, तरी गाडी घाटात नॉक करते (इंजिनातून ठोके ऐकू येतात).’ हे अंश म्हणजे टायमिंग : पिस्टन टॉपवर, म्हणजे सर्वात वर, येण्याच्या किती अंश आधी प्लगमध्ये ठिणगी पडते. मग कंट्रोलर कुरिअरने आमच्याकडे येतो, आम्ही तो टेबलावर चालवून पाहतो आणि तो बहुधा निर्दोष निघतो. गाडी मात्र तोवर उभीच असते.

लॅपटॉपवरचा आकडा ही कंट्रोलरची केवळ समजूत असते. पुलीवर बसणाऱ्या आमच्या दातेरी चाकाला ३६ दात्यांच्या जागा असून त्यांपैकी एक मुद्दाम रिकामी ठेवलेली आहे. ती रिकामी जागा समोरून गेली एवढेच सेन्सरला कळते. त्यानंतर किती अंशांनी पहिला पिस्टन टॉपवर येतो, हे आपणच सांगायचे असते. येथे बहुतेक जण पुलीवरच्या जुन्या खुणेवर विसंबतात. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेले १०८९ सीसीचे हे इंजिन आजवर किती हातांनी उघडले, पुली मूळचीच आहे की दुसऱ्या गाडीची, तिला क्रँकवर पक्की धरणाऱ्या चावीची खाच झिजली आहे का, हे सहसा मालकालाही ठाऊक नसते. खूण ६ अंशांनी चुकलेली असेल, तर १० अंश समजून आपण १६ अंशांवर गाडी चालवता; चूक उलट दिशेने असेल, तर गाडी सुस्त होते आणि रेडिएटर तापतो.

म्हणून संचात आम्ही पितळी टोकाचा पिस्टन-स्टॉप देतो, आणि तो डब्यात पडून राहण्यासाठी नाही. बॅटरी सोडवून चारही प्लग काढावेत, पहिल्या सिलिंडरचे रॉकर (व्हॉल्व्ह दाबून उघडणारे भाग) सैल करावेत (नाहीतर उघडा व्हॉल्व्ह स्टॉपला टेकण्याची भीती असते) आणि स्टॉप प्लगच्या जागी बसवावा. इंजिन हातानेच, हलके, पिस्टन टेकेपर्यंत फिरवून पुलीवर खूण करावी. मग उलट दिशेने टेकेपर्यंत फिरवून दुसरी खूण करावी. स्थिर काट्यासमोर आलेल्या या दोन खुणांमधल्या लहान अंतराचा मध्य हाच खरा टॉप. स्टार्टर चुकूनही मारू नये. शेवटी सैल केलेल्या रॉकरची फट (टॅपेट) पुन्हा लावण्यास विसरू नये.

पुलीचा घेर ३६ ने भागला की १० अंशांचे अंतर मिळते. खऱ्या टॉपच्या अलीकडे तेवढ्यावर, म्हणजे इंजिन फिरताना काट्यासमोर टॉपच्या आधी येईल अशी, १० अंशांची खूण करावी. सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशांवर स्थिर करून टायमिंग लाइटने (ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याने) ती खूण काट्याशी जुळेपर्यंत ऑफसेट, म्हणजे रिकाम्या जागेपासून टॉपपर्यंतचे अंश, बदलावा. आमच्या जोड-कॉइलवर १-४ आणि २-३ या जोड्यांत प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडते, त्यामुळे डायलचे काही टायमिंग लाइट दुप्पट आकडा दाखवतात; डायल शून्यावरच ठेवावा. आरपीएम वाढवताच खूण सरकू लागली, तर सेन्सरच्या दोन तारा उलट जोडल्या गेल्या आहेत का, हे प्रथम पाहावे. प्लग रेझिस्टरचेच वापरावेत.

‘पूर्वीसारखा डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवला तर चालेल ना?’ असेही विचारले जाते. या संचात टायमिंग ठरवण्यात डिस्ट्रिब्युटरचा (जुन्या रचनेत प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाचा) काहीच वाटा उरत नाही. उद्या कोणाला मूळ रचनेकडे परतायचे असल्यास सोपे जावे, एवढ्यासाठीच आम्ही तो जागेवर ठेवतो. संच आमच्याकडे बसवून घेतल्यास या तपासणीचे आम्ही वेगळे पैसे घेतो, यावर काही ग्राहक नाराज होतात. परंतु या कामात अर्धा दिवस जातो आणि ते वगळून गाडी देणे आम्हाला मान्य नाही. ज्यांना स्वतःच बसवायचे आहे, त्यांनी कंट्रोलर परत पाठवण्यापूर्वी पुलीवरच्या खुणांचा आणि सॉफ्टवेअरमधील ऑफसेटचा फोटो पाठवावा. त्यावरून दिलेल्या सल्ल्याचे आम्ही पैसे घेत नाही.