आंत्रजीवाणू-चिकित्सा

आतड्याला हितकारक असलेले जीवाणू जिवंत स्वरूपात, मोजलेल्या मात्रेत देऊन रोग बरा करण्याची किंवा टाळण्याची उपचारपद्धती. अशा जीवाणूंना प्रोबायोटिक म्हणतात. बोलण्यात ‘चांगले जंतू’ हा शब्द रूढ आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात सु. ३८ लाख कोटी जीवाणू असावेत असा अंदाज असून त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात असतात.

या चिकित्सेचा उगम कोठे धरावा याविषयी मतभेद आहेत. नाशिकसारख्या, आयुर्वेदाची जुनी परंपरा असलेल्या शहरात तो चरकसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथातील तक्रप्रयोगापर्यंत, म्हणजे ताकाच्या औषधी वापरापर्यंत, नेला जातो. संहितेच्या चिकित्सास्थानात अर्श (मूळव्याध) आणि ग्रहणी (पचन बिघडून वारंवार जुलाब होण्याचा विकार) या दोन्ही रोगांवर ताक सांगितले आहे. ग्रहणीत ते दीपन (भूक वाढवणारे), ग्राही (मल बांधणारे) व लघु (पचायला हलके) म्हणून श्रेष्ठ मानले आहे. यातही कालनिर्णय सोपा नाही. अर्शाचा अध्याय मूळ संहितेचा, तर ग्रहणीचा दृढबलाने पुढे पूर्ण केलेल्या सतरा अध्यायांपैकी, असे मानण्याकडे कल आहे. दृढबलाचा काळ सामान्यतः इ. स. चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमारास धरतात. तथापि तेथील विचार अग्नी आणि दोष यांचा आहे, जिवंत जीवाणूंचा नाही. त्यामुळे ताकाची उपयुक्तता प्राचीन आणि जीवाणू-चिकित्सा अर्वाचीन, असा भेद करणे अधिक ग्राह्य वाटते.

अर्वाचीन उगमाचे श्रेय बहुधा रशियन जीवशास्त्रज्ञ एली मेचनिकॉव्ह यांना दिले जाते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करताना १९०७ च्या सुमारास त्यांनी बल्गेरियातील शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचा संबंध आंबवलेल्या दुधाशी जोडला. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींवरील संशोधनासाठी मिळाले; दह्याशी त्याचा संबंध लावणे चूक आहे. त्या दुधातील जीवाणू स्टामेन ग्रिगोरोव्ह यांनी १९०५ मध्ये ओळखला होता. पुढे येल विद्यापीठात रेटगर व चेप्लिन यांच्या प्रयोगांत तो आतड्यात वस्ती करीत नसल्याचे दिसले. मेचनिकॉव्ह यांच्या आधीच आंरी टिसिए यांना अंगावर पिणाऱ्या अर्भकांच्या शौचात बायफिडोबॅक्टेरियम हे जीवाणू आढळले होते, आणि १९१७ मध्ये आल्फ्रेट निस्ल यांनी आमांशाच्या साथीत आजारी न पडलेल्या एका सैनिकाच्या आतड्यातील ई. कोलाय जीवाणू औषध म्हणून वापरात आणला. माणसाच्याच आतड्यातला जीवाणू रोगावर योजण्याचे हे उदाहरण असल्याने चिकित्सेचा खरा आरंभ येथे मानणे सयुक्तिक ठरेल. मिनोरू शिरोता यांचे लॅक्टोबॅसिलसचा एक वाण वेगळा करण्याचे १९३० मधील काम त्यानंतरचे. ‘प्रोबायोटिक’ या शब्दाचा अर्थही बराच काळ अस्थिर होता; आजची व्याख्या मुख्यतः २००१ च्या जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या तज्ज्ञगटाची आहे.

हे जीवाणू आम्ल तयार करून, जागा व अन्न अडवून आणि आतड्याच्या अस्तराशी संपर्क साधून रोगकारक जंतूंना रोखतात. परिणाम जातीपेक्षाही वाणावर, म्हणजे एकाच जातीतील विशिष्ट उपप्रकारावर, अवलंबून असतो. एका वाणाचा गुण दुसऱ्याला चिकटवता येत नाही, आणि व्यवहारात नेमकी हीच चूक वारंवार होते. त्यात २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस ही प्रजाती २५ प्रजातींत विभागली गेल्याने जुनी नावे बदलली आहेत. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार प्रोबायोटिक खाद्यपदार्थात दैनंदिन मात्रेमागे किमान १० कोटी जिवंत जीवाणू असावे लागतात.

ओडिशातील खेड्यांत ४,५५६ नवजात अर्भकांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लॅक्टोबॅसिलस प्लँटेरम या जातीच्या एका वाणाने, त्याला पोषक शर्करेसह दिले असता, जंतुदोष व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. ही मुले पुऱ्या दिवसांची किंवा त्याच्या जवळपासची होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत अशाच औषधांतून रक्तात जंतुसंसर्ग झाल्याच्या नोंदी आहेत. मुलांच्या जुलाबावरील पुरावा २०२० च्या आढाव्यानंतर कमकुवत ठरला आहे. तेथे जलसंजीवनी आणि जस्त हाच पहिला उपचार होय.

क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूच्या वारंवार उलटणाऱ्या संसर्गावर मात्र निरोगी दात्याची विष्ठा गाळून रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा उपाय प्रभावी ठरला आहे. १९५८ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे आइझमन यांनी आतड्याच्या तीव्र दाहाच्या चार रुग्णांवर तो केला. २०१३ च्या डच चाचणीत १६ पैकी १३ रुग्ण एकाच वेळच्या उपचाराने बरे झाले. अँटिबायोटिकने नाहीसे झालेले जीवाणू परतले की पित्ताम्लांचे रूपांतर पुन्हा सुरू होते आणि त्या जंतूची वाढ थांबते. आतड्याच्या व्रणयुक्त दाहावर लुधियाना येथेही यासंबंधी काम झाले आहे.

नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या (स्थापना १९९८) कक्षेत आयुर्वेद व आधुनिक वैद्यक या दोन्ही शाखा येतात. त्यामुळे ग्रहणीतील तक्र आणि प्रोबायोटिक हे दोन्ही विषय एकाच विद्यापीठाचे विद्यार्थी शिकतात. जिल्ह्यातील आहारात आंबवलेले पदार्थ आहेत. मिसळीसोबतच्या दह्यात जिवंत जीवाणू असतात, परंतु त्यांचा वाण आणि संख्या विरजणागणिक बदलते. पेठ, सुरगाण्याकडील नागलीच्या आंबिलीचे तसेच आहे. पीठ रात्रभर ताकात भिजवून सकाळी शिजवले तर जीवाणू मरतात, पण आंबवण्याने आलेला पचनसुलभपणा टिकतो. शिजवून गार झाल्यावर ताक घातले तर त्यातील जीवाणू जिवंत पोटात जातात.