जायबंदी शिपायाची पेन्शन : भार कोणावर?

१५८८ साली स्पॅनिश आरमार परतवून लावणारे इंग्लंडचे खलाशी त्याच वर्षी मार्गेट बंदराच्या रस्त्यांत रोगाने मेले. पगारही थकले होते. अशांना थारा देणारे मठ आठव्या हेन्रीने पन्नास वर्षांपूर्वीच मोडीत काढले होते. पुढच्या वर्षी पोर्तुगालच्या फसलेल्या मोहिमेवरून परतलेले शिपाई लंडनभोवती गोळा झाले, तेव्हा दरबाराला दयेपेक्षा धास्तीच अधिक वाटली.

१५९३ मध्ये कायदा झाला. राणी एलिझाबेथसाठी लढून लुळापांगळा झालेल्या शिपायाला पेन्शन मिळणार होती, पण राणीच्या खजिन्यातून नव्हे. दर पॅरिशवर (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीवर) आठवड्याची पट्टी बसली आणि तो पैसा काउंटीच्या (जिल्ह्याच्या) खजिनदाराकडे जमा होऊ लागला. साध्या शिपायाला वर्षाला दहा पौंडांपर्यंत, लेफ्टनंटला वीसपर्यंत देण्याची मुभा होती. पण पट्टी भरणारे आणि पेन्शन मंजूर करणारे एकाच काउंटीचे, त्यामुळे हात आखडता राही. पुष्कळांना दोन-तीन पौंडांवरच भागवावे लागे. सतराव्या शतकाच्या मध्यास दोन पौंड म्हणजे मजुराची चाळीसेक दिवसांची कमाई.

शिवाय जिथून भरती झाली त्याच काउंटीत, कप्तानाचा दाखला घेऊन तिमाही न्यायसभेपुढे अर्ज करायचा. (हयातीच्या दाखल्यासाठी रांगेत उभे राहणाऱ्यांना हे नवे वाटणार नाही.) पेन्शन मिळूनही भीक मागताना सापडला, तर ती बंद आणि कपाळी भटक्या भामट्याचा शिक्का.

राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धात, १६४२ मध्ये, पार्लमेंटने आपल्या बाजूच्या जखमींबरोबरच विधवा-अनाथांचीही जबाबदारी घेतली. एलिझाबेथच्या कायद्यात विधवांना जागाच नव्हती. १६६० मध्ये राजा दुसरा चार्ल्स गादीवर परतला आणि पारडे फिरले. पार्लमेंटच्या शिपायांच्या पेन्शनी गेल्या. १६६२ च्या कायद्याने राजनिष्ठांना त्या मिळू लागल्या. जखम तीच, फक्त ती कोणाच्या झेंड्याखाली झाली हे आधी विचारले जाई.

या काळातले अर्ज वाचताना वय सतत आडवे येते. यादवीतल्या एजहिलच्या लढाईत (१६४२) विशीत लढलेला माणूस १६७० च्या दशकात पन्नाशी ओलांडून गेलेला. तरुणपणी लंगडत का होईना, तो मजुरी करत होता. आता जुनी जखम आणि म्हातारपण एकदमच अंगावर आले. साक्षीला बोलवावे असे कप्तान एव्हाना बहुधा मातीआड गेलेले.

दुसऱ्या चार्ल्सने १६८२ मध्ये चेल्सी येथे वृद्ध-जायबंदी सैनिकांसाठी आश्रम उभारायला घेतला. रहिवासी आले १६९२ मध्ये. प्रेरणा अर्थात चौदाव्या लुईच्या पॅरिसमधल्या 'अँव्हालिद'ची. चेल्सीच्या खर्चाचा मोठा भाग सैनिकांच्याच पगारातून कापून घेतला जाई. नौदलात हे त्याआधी शंभर वर्षे चालू होतेच : चॅथम गोदीतल्या जायबंदी खलाशांच्या मदतपेटीसाठी खलाशाच्या महिन्याच्या पगारातून सहा पेन्स जात. पेन्शन हा सैनिकाचा कायदेशीर हक्क ठरायला १८०६ साल उजाडले.